पंधराचं अ‍ॅव्हरेज

कॅन तोंडापर्यंत भरला तरी मेकॅनिकने नळी सोडली नाही. डिझेल चपलेवर सांडलं.

“अहो, पाय धुताय का डिझेलनं?” पंपावरची बाई ओरडली.

एरवी त्याने तिला चार वाक्यं व्याजासकट परत केली असती. आज त्याने गपचूप दोन्ही कॅन जीपमध्ये टाकले आणि निघाला.

सगळा घोळ एका दातेरी चाकाचा होता. साडूने जुनी व्हॅन घेतली, आत पलंग, शेगडी, पडदे करून घेतले आणि पाहुण्यारावळ्यांत मिरवायला लागला. सर्व्हिसिंगला गाडी गॅरेजात आली आणि मेकॅनिकच्या हाताला खाज सुटली. मीटरमागचं चाक काढून त्याने कमी दातांचं बसवलं. आता गाडी दहा किलोमीटर चालली की मीटरवर पंधरा पडायचे.

“लिटरला पंधरा देते, पंधरा!” साडू महिनाभर नाचत होता. “आणि साठनं पळवली तरी पोटातलं पाणी हलत नाही.”

“चाळीसनं कसं हलेल?” मेकॅनिक पाना तोंडापुढे धरून पुटपुटायचा. गॅरेजातली माणसं तोंड लपवत पळायची. येत्या रविवारी सगळ्या नातेवाइकांसमोर भांडं फोडायचं ठरलं होतं.

पण साडूला दम कुठला! शुक्रवारी पहाटेच तो बायकोला घेऊन निघाला. मेकॅनिकला कळलं शनिवारी सकाळी, चहाच्या वेळी.

“धाकटी गेली की कालच,” बायको म्हणाली. “पठारापलीकडच्या गावाला. पाचशे ऐंशी किलोमीटर. भाऊजी म्हणाले, चाळीस लिटरच्या एका टाकीत पोचून दाखवतो, वाटेतल्या पंपाकडे ढुंकून बघणार नाही. काल दुपारपासून दोघांचाही फोन लागत नाहीये हो.”

त्याचा चहा तसाच राहिला. चाळीस लिटर. लिटरला खरे दहा. चारशेला टाकी कोरडी. चारशेवर काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. काहीच नाही.

वाटेतला शेवटचा पंप मागे पडल्यावर त्याला एकही गाडी दिसली नाही. मैलाच्या दगडांवरचे आकडे वाऱ्याने खाऊन टाकले होते. तो फक्त जीपच्या मीटरकडे बघत होता. तीनशे अठ्ठ्याण्णवला लांबून फुलाफुलांचे पडदे दिसले.

मेव्हणी व्हॅनच्या सावलीत बसली होती. ओठ फुटलेले, पण त्याला बघून हसली.

“भाऊजी, तुम्ही! ह्यांनी गावातून फोन केला ना?”

“कुठाय तो?”

“गावात गेलेत डिझेल आणायला. काल ऊन उतरल्यावर.”

“कुठल्या गावात?”

“अहो, हे काय, टेकाडामागं. मीटरवर पाचशे सत्त्याण्णव झालेत ना. हे म्हणाले, गाव इथंच आहे, आपला फाटा चुकला. रस्त्यानं वळसा कशाला, मधूनच जातो.”

मेकॅनिकने टेकाडाकडे पाहिलं. त्यामागे दुसरं होतं. त्यामागे तिसरं. कुठे झाड नाही, धूर नाही.

“पाणी नेलंय?”

“अर्धी बाटली. भरलेली मला ठेवली. म्हणाले, अर्ध्या तासाच्या वाटेला काय करायचंय?” ती पदराने मान पुसू लागली. “रात्री कुणीतरी ठेवून घेतलं असेल त्यांना. शुगरच्या गोळ्या तेवढ्या इथंच राहिल्या बघा.”

गाव तिथून एकशे ऐंशी किलोमीटरवर होतं. त्याने आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. मग जीपपाशी जाऊन खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबला. आवाज टेकाडांवर आदळून तसाच परत आला. त्याने पुन्हा दाबला आणि दाबूनच धरला.

मेव्हणीने कानांवर हात ठेवले.

“अहो भाऊजी, पुरे की! गावातली माणसं दचकतील.”

त्याने हात काढला नाही.