थोरल्या जावयाचा एअर फिल्टर

मत्सर हा हलक्या माणसांचा रोग आहे, असं गुणाकर लांजेवार बोनेटची दांडी खाचेत बसवता बसवता बायकोला सांगत होते. दांडी खाचेत बसली नाही. बोनेट धाडकन खाली आलं, गुणाकरांनी बोटं वेळेवर काढली आणि पुढचं वाक्य तिथंच राहिलं.

अहिल्या दारातल्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"घनश्यामला बोलवा न. अकरा वर्षांपासून तोच करून राह्यला."

घनश्याम म्हणजे बालाघाट स्टेशनजवळचा मेकॅनिक. गुणाकरांनी तिला समजावलं, की एअर फिल्टर बदलायला मेकॅनिक बोलावणं म्हणजे शर्टाचं बटण लावायला शिंपी बोलावणं. त्यांच्या शर्टांची बटणं एकोणतीस वर्षं अहिल्याच लावत आली होती, पण ती तांदळातले खडे वेचत राहिली.

हे ज्ञान गुणाकरांकडे आठ दिवसांपूर्वी नव्हतं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत बोनेटखाली काय असतं याची चौकशी त्यांनी केली नव्हती. जलसंसाधनाच्या कार्यालयात ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते, आणि ज्या वस्तूची फाईल आपल्या टेबलावर येत नाही तिच्यात लक्ष घालू नये, हा त्यांचा नियम होता.

मागच्या रविवारी ते सासुरवाडीला, हट्ट्याला गेले होते. धाकटा साडू धर्मेंद्रही तिरोडीहून आला होता. अहिल्याची बहीण ज्योत्स्ना त्याला दिलेली. तो मँगनीजच्या खाणीत सुपरवायझर, गुणाकरांपेक्षा बारा वर्षांनी लहान. जेवणं झाली, मंडळी सुपारी कातरत बसली, आणि धर्मेंद्र उठून आपल्या गाडीकडे गेला. त्याने चार क्लिपा उघडल्या, झाकण उचललं, आतून एक चपटी, घड्या घड्यांची वस्तू काढली आणि ती अंगणातल्या दगडावर आपटली. पाव किलो तरी धूळ पडली असेल. खाणीतली धूळ म्हणजे काळी. मग नवी वस्तू आत, झाकण वर, चार क्लिपा बंद. हात धुवून तो परत येऊन बसला तेव्हा गुणाकरांची सुपारी अजून दाढेखाली फुटायची होती.

खाटेवर बसलेल्या सासूबाई, शांताबाई, म्हणाल्या, "हौ. घरचं माणूस असंच पाह्यजे. हात लावला का झालं."

यात काय एवढं, असं परक्याला वाटेल. पण शांताबाईंनी आजवर फक्त एका म्हशीची स्तुती केली होती, आणि तीही म्हैस मेल्यावर. गुणाकर त्या घराचे थोरले जावई. एकोणीस वर्षं त्या घरात गाडी होती ती फक्त त्यांची. आधी जुनी, मग ही. शांताबाईंना रामटेकला त्यांनी नेलं, भाच्यांच्या लग्नांना नेलं, भावाच्या तेरवीला नेलं. त्याबदल्यात त्यांना पहिला पाट मिळाला, पोळीवर तुपाची पहिली धार मिळाली, आणि 'साहेब' अशी हाक मिळाली. 'घरचं माणूस' त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. आपल्याला ते हवं होतं, हेही त्यांना त्या सुपारीच्या खांडाबरोबरच कळलं.

दोन दिवसांनी हट्ट्याहून निरोप आला. शांताबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, नागपूरच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती, आणि शांताबाई म्हणाल्या होत्या की मी धर्मेंद्रच्या गाडीनं जाईन.

गुणाकर त्या दिवशी जेवले, पण वरण घेतलं नाही. अहिल्याने आईला फोन लावला. मायलेकींचं बोलणं पाऊण तास चाललं, त्यात अर्धा तास कोणाच्या तरी सुनेबद्दल होता. शेवटी तोड निघाली. डोळे दोन, जावई दोन. उजव्या डोळ्याच्या वेळी थोरल्याची गाडी, डाव्याच्या वेळी धाकट्याची.

"आता उजवा नीट पार पाडा," अहिल्या फोन ठेवून म्हणाली. "डावा मागायले मले तोंड राहीन."

म्हणून हा रविवार, आणि हे बोनेट. निघायचं मंगळवारी होतं.

दांडी तिसऱ्या खेपेला बसली. गुणाकरांनी मोबाईल रेडिएटरवर टेकवला आणि व्हिडिओतल्या माणसाच्या मागे मागे क्लिपा उघडल्या. चौथी क्लिप निघेना म्हणून त्यांनी चमच्याचं टोक लावलं. चमचा वाकला, क्लिप निघाली. आतला जुना फिल्टर पिवळट करडा होता. शहराच्या ज्या बाजूला राइस मिला आहेत त्याच बाजूला त्यांचं घर, त्यामुळे कोंड्याची बारीक धूळ घरात, कपाळावर, देव्हाऱ्यात आणि चहावर बसत असे. गुणाकरांनी फिल्टर ओट्याच्या कडेवर आपटला. धूळ पडली, पण धर्मेंद्रच्या मानाने फार कमी. याचंही त्यांना वाईट वाटलं.

नवा फिल्टर त्यांनी खोक्यातून काढला. तो पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत होता. पांढराशुभ्र, घडी न् घडी मोजून घ्यावी असा.

लांजेवारांच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढण्याची पद्धत नव्हती. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये होता. गाडीच्या दारांचं आतलं प्लास्टिक अकरा वर्षं टिकलं होतं. उत्कृष्ट कर्मचारी म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र फ्रेममध्ये होतं आणि फ्रेम पॉलिथिनमध्ये होती. प्लास्टिक काढणं म्हणजे वस्तू जुनी झाल्याचं आपणच जाहीर करणं, असं गुणाकरांचे वडील म्हणत, आणि तेही बडे बाबूच होते.

व्हिडिओतल्या माणसाच्या हातातला फिल्टर उघडा होता. तो माणूस दिल्लीकडचा असावा. तिकडे राइस मिला नसतील.

गुणाकरांनी विचार केला. नुसती पिशवी ठेवली तर हवा जाणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी अहिल्याच्या डब्यातली सुई आणली आणि पिशवीला भोकं पाडली. दोन्ही बाजूंनी, ओळीत, रजिस्टरला आखतात तशी. कडेचं प्लास्टिक रबराच्या खाली दाबून बसवलं. आता हवा येईल, धूळ येणार नाही, आणि फिल्टर वर्षभराने काढला तरी असाच पांढरा निघेल. हे धर्मेंद्रला सुचलं नव्हतं. चौथी क्लिप बंद करताना गुणाकर किंचित हसले.

गाडी सुरू झाली. थोडी घुरघुरली, पण सुरू झाली.

मंगळवारी सकाळी हट्ट्याला जाऊन शांताबाईंना मागच्या सीटवर बसवलं. एका बाजूने अहिल्याने धरलं, दुसऱ्या बाजूने गुणाकरांनी. अहिल्या त्यांच्याजवळ बसली. वाराशिवनीपर्यंत गुणाकर एअर फिल्टर या विषयावर बोलले. घरच्या माणसाने या गोष्टी स्वतः कराव्यात, मेकॅनिक काय करतो आणि काय नाही ते आपण पाहायला जात नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. शांताबाई हौ हौ म्हणत होत्या. गाडीत ओढ नव्हती, पण गुणाकर एरवीही चाळीसच्या वर जात नसत, त्यामुळे हे कोणाला जाणवलं नाही.

कटंगीच्या रस्त्याला लागल्यावर पुढे धानाच्या पोत्यांची ट्रॉली आली. तिला मागे टाकायला गुणाकरांनी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. इंजिनाने एक खोल श्वास घेण्याचा प्रयत्न केला. मग ते बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद पडलं. पाचव्या वेळी ते सुरू होण्याचं नावही घेईना. ट्रॉलीवाला लांब गेला.

"काहून थांबली?" शांताबाईंनी विचारलं.

"गरम झाली असेल," गुणाकर म्हणाले. डिसेंबर होता.

घनश्याम बालाघाटात, आणि बालाघाट मागे राहिलेलं. तिरोडी पुढे. डॉक्टरांची वेळ दुपारची. गुणाकर म्हणत होते की थोडं थांबू, पण अहिल्याने तोवर ज्योत्स्नाला फोन लावला होता. शांताबाईंना उतरवून जवळच्या पुलाच्या कठड्यावर बसवलं. त्यांना सीटवरून उठवायला दोघांनाही जोर लावावा लागला. चाळीस मिनिटं गुणाकर बोनेट उघडून आत पाहत उभे राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काम चालू आहे असं वाटावं म्हणून.

धर्मेंद्र रजा टाकून आपल्या गाडीनं आला होता. खाणीतल्या हेल्मेटचा वळ अजून कपाळावर होता. त्याने आधी सासूच्या पायांना हात लावला, मग गुणाकरांना नमस्कार केला, आणि मग गाडीला.

"भाईसाब, मारा सेल्फ."

गुणाकरांनी मारला. धर्मेंद्रने कान दिला. मग काही न विचारता त्याने चार क्लिपा उघडल्या. गुणाकर येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले होते. झाकण उचललं गेलं. प्लास्टिक फिल्टरच्या घड्यांमध्ये घट्ट ओढलं जाऊन बसलं होतं, दुधावर साय बसावी तसं. सुईची भोकं अजून ओळीत होती.

धर्मेंद्रने ते पाहिलं. मग त्याने गुणाकरांकडे पाहिलं. त्याला हसू आलं नाही, निदान गुणाकरांना ते सापडलं नाही. अहिल्या कठड्याकडून इकडेच येत होती. धर्मेंद्रने दोन बोटांनी प्लास्टिक सोललं, चुरगाळलं आणि पँटच्या खिशात घातलं. फिल्टर जागेवर ठेवून झाकण लावलं, मग उगीचच बॅटरीची वायर हलवली.

"काय झालतं?" अहिल्याने विचारलं.

"टर्मिनल ढीलं झालतं, ताई. रस्ताच तसा हाये. भाईसाबची काही गलती नाही."

गुणाकरांनी सेल्फ मारला. इंजिन असं चालू लागलं, जणू दोन दिवस कोणी त्याचं नाक धरून ठेवलं होतं.

गुणाकर स्टीअरिंगवर हात ठेवून बसले. खरं तर त्यांना हायसं वाटायला हवं होतं. फिल्टरबद्दल त्यांना धर्मेंद्रचा जो मत्सर वाटला होता तो साधा होता. तो बरा होण्यासारखा होता. फिल्टर बदलणं शिकता येतं, त्याचे व्हिडिओ असतात. हे जे त्याने आत्ता केलं, त्याचा व्हिडिओ नव्हता. प्लास्टिक खिशात घालताना त्याने क्षणभरही विचार केला नव्हता, हे गुणाकरांना सर्वांत जास्त लागलं. आपण त्याच्या जागी असतो तर ते प्लास्टिक दोन बोटांत धरून अहिल्याला दाखवलं असतं, मग ज्योत्स्नाला, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक पंगतीत. याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

मोठेपणातही हा पुढे गेला. तेव्हा मोठेपणातच त्याला गाठायला हवं होतं, आणि त्यासाठी डॉक्टरांची वेळ होण्याआधी फार थोडा अवधी होता.

गुणाकर इंजिन चालू ठेवून उतरले. घसा खाकरला.

"टर्मिनल ढीलं नव्हतं," ते म्हणाले. "मीच फिल्टरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. भोकं पाडून तसंच बसवलं. चूक माझी. धर्मेंद्रजी माझ्यासाठी खोटं बोलले."

वाक्यं चांगली झाली होती. आयुष्यात एवढं खरं ते कधी एका दमात बोलले नव्हते. धर्मेंद्र खाली पाहून बुटाने खडा सरकवू लागला. अहिल्याने नवऱ्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं गुणाकरांना ओळखीचं नव्हतं. त्याचा अर्थ घरी गेल्यावर लावायचं त्यांनी ठरवलं.

मग त्यांनी कठड्याकडे पाहिलं. सगळं ज्यांच्यासाठी होतं त्या तिथे नव्हत्या.

शांताबाई धर्मेंद्रच्या गाडीत बसल्या होत्या. दार त्यांनीच उघडलं होतं, पिशवीही शेजारी घेतली होती. त्या एकट्या तिथपर्यंत कधी गेल्या ते कोणी पाहिलं नव्हतं.

गुणाकर खिडकीशी गेले. सगळं पुन्हा सांगू लागले, प्लास्टिक, भोकं, चूक माझी. दुसऱ्यांदा ते तितकं चांगलं जमलं नाही. शांताबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ते असो, जवाई," त्या म्हणाल्या. "फिल्टर का काय ते मले समजत नाही. तुमच्या गाडीत बसतो तं खाली पाटावर बसल्यासारखं वाटते. मंग उठतानी दोन मानसं लागते. याच्यात मी माह्यी मी चढतो."

"म्हणून तुम्ही धर्मेंद्रजींची गाडी म्हणत होता?"

"मंग कायले म्हनीन?"

डॉक्टरांची वेळ होत आली होती. धर्मेंद्र स्टीअरिंगवर बसला, अहिल्या आईजवळ बसली. गुणाकर रिकामी गाडी घेऊन मागून निघाले. कटंगीच्या रेल्वे फाटकापाशी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी काच खाली करून नीट पाहिलं. धर्मेंद्रच्या गाडीची सीट एक वीत उंच होती.