एका हाताची प्रेस

सुनावणीच्या खोलीत शिरण्याआधी युनियनच्या वकिलाने वहिनीला तिसऱ्यांदा बजावलं, "आज कंपनीचे लोक प्रेसच्या बटणांचं पॅनेल घेऊन येणार आहेत. काहीही झालं तरी त्याला हात लावायचा नाही. लावलात की त्यांचा डॉक्टर लगेच म्हणेल, बघा, बाई ठणठणीत आहे."

"बरं," वहिनी म्हणाली. बरं म्हणायला काय जातं?

तिला अख्खा कारखाना वहिनीच म्हणायचा. तिची धाकटी नणंद तिथे दोन वर्षं आधी कामाला लागली होती, ती हाक मारायची म्हणून ही सगळ्यांचीच वहिनी झाली. पुढे दोघी एकाच प्रेसवर आल्या. सात नंबरची प्रेस, डब्यांची झाकणं कापणारी. वहिनी एका बाजूने पत्रा सरकवून बटण दाबायची, समोरून नणंद तयार झाकण उचलायची. बटणं दोन, एकमेकांपासून चांगली हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार, अशी सोय. म्हणजे दाबणारीने दोन्ही हात बटणांवर ठेवायचे, मान वर करून "हात?" असं विचारायचं आणि समोरची "मोकळा" म्हणाली की मगच दाबायचं. हे सगळं भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं.

ते भिंतीवरच राहिलं. नवा मुकादम आला आणि त्याने प्रत्येक प्रेसच्या उजव्या बटणात लाकडाची पाचर बसवायला लावली. पाचर बसली की ते बटण कायमचं दाबलेलं राहायचं, आणि डाव्या हाताच्या एका अंगठ्यावर प्रेस चालायची. उजवा हात पत्रा सरकवायला. कामाला नुसता वेग आला. पाचरी मुकादमाने स्वतः तासल्या होत्या, ज्या त्या प्रेसच्या मापाने, वर नंबर घालून. तपासणीला कोणी येणार असलं की तो बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सगळ्या गोळा करायचा, आणि साहेबांची पाठ वळली की परत वाटायचा. हौस म्हणावी ती केवढी! "हात?" आणि "मोकळा" हे बोलणंही त्यानेच बंद पाडलं. "गप्पा घरी मारा हो, वहिनी," असं गोड हसून म्हणायचा. हसणं असं, की माणसाला वाटावं याच्या घरी आपलं येणंजाणं आहे.

चौदा महिन्यांपूर्वी एक झाकण साच्यात अडकलं. नणंदेने ते सोडवायला हात घातला, आणि वहिनीचा अंगठा नेहमीच्या ठेक्यात खाली गेला. नणंदेच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. माणसं धावत आली, कोणी कापड आणलं, कोणी गाडीकडे पळालं. मुकादमाने काय केलं? त्याने आधी पाचर उपटली आणि खिशात टाकली. वहिनीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण ती सांगणार कोणाला आणि ऐकणार कोण! बाकीच्या बायकांनी तोंडाला कुलूप लावलं. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमाच्या हाताखाली उभं राहायचं होतं.

तेव्हापासून वहिनीला एकही बटण दाबता येईना. लिफ्टचं नाही, दिव्याचं नाही, दारावरच्या घंटीचं नाही. स्वतःच्याच घराबाहेर ती कडी वाजवत उभी राहायची. शेजारी कोणी दार आपटलं की हातातलं भांडं सुटायचं. झोप यायची ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. डावा अंगठा तिने मुठीत कोंडून ठेवला होता. जेवतानाही ती मूठ उघडायची नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, कागद लिहून दिला. तो कागद जोडून तिने कामगार भरपाईचा दावा केला.

दावा फेटाळला. कंपनीच्या डॉक्टरने पाव तासात वहिनीला तपासून लिहिलं, की आजार आहे, पण तो घरातून आलेला आहे, कामातून नाही. त्याला आधार मुकादमाच्या जबाबाचा. मुकादम म्हणत होता, प्रेस दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय खाली येतच नाही, तेव्हा बाईंनी समोर बघून, मुद्दामच दाबली. आणि या नणंद-भावजयींचं आधीपासून पटत नव्हतं. आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

भांडण! दोघींचं भांडण झालं असेल तर ते आरशासमोर आधी कोणी उभं राहायचं, यावरून. तेही रोज, आणि हसत.

वहिनीने हा जबाब वाचला तेव्हा तिला रडू आलं, इतकंच. खरा घाव नंतर बसला. एका दुपारी नणंद ते कागद मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ ती एकच पान धरून होती. मग खाली बघत तिने विचारलं, "वहिनी, तू माझ्यावर कधी मनातून चिडली होतीस का गं? खरं सांग, मला राग नाही येणार."

"नाही गं," वहिनी म्हणाली.

"बरं," नणंद म्हणाली. पण तिने विचारलं होतं. मुकादमाने नुसतं एक वाक्य टाकलं आणि ते घरात शिरून दोघींच्या मध्ये बसलं. चार बोटं घेऊन याचं भागलं नव्हतं. त्या दिवसापासून वहिनीला मुकादम हवा होता. भरपाई मिळो न मिळो, त्याला सगळ्यांसमोर नागडा करायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. आजारासाठी ती वेळच्या वेळी गोळ्या घ्यायची. राग मात्र बरा व्हावा, असं तिला मुळीच वाटत नव्हतं. भाजी निवडता निवडता ती त्याला रोज मनात खुर्चीत बसवायची आणि रोज वेगळी शिक्षा द्यायची. नवऱ्याने एकदा विचारलं, "काय एवढी हसतेयस?" तर म्हणाली, "काही नाही, मेथी छान आहे."

तर आज अपिलाची सुनावणी. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीशी चार खुर्च्या. मध्यभागी अध्यक्षबाई, चष्मा दोरीने गळ्यात. एका कडेला त्यांचा कारकून लिहायला बसलेला. भिंतीशी वहिनीचा नवरा आणि नणंद. समोर कंपनीचा वकील, कंपनीचा डॉक्टर आणि कडक इस्त्रीच्या शर्टात मुकादम. वहिनी बसताच तो म्हणाला, "कशा आहात, वहिनी? बारीक झालात हो." 

वहिनीने मूठ आणखी आवळली.

कंपनीच्या वकिलाने कापड काढलं आणि पॅनेल टेबलावर ठेवलं. सात नंबरचंच, प्रेसवरून सोडवून आणलेलं, धुऊन पुसून लख्ख. "दोन बटणं," तो म्हणाला. "दोन्ही एकदम दाबावी लागतात. एका हाताने ही प्रेस चालूच शकत नाही. मुकादमांनी शपथेवर सांगितलं आहे."

"अगदी," मुकादम म्हणाला.

वहिनीला घाम फुटला. पण बघायचं नाही म्हणता म्हणता तिने पाहिलं, आणि मग तिची नजर हलेना. डाव्या बटणाचा लाल रंग झिजून खालचा धातू दिसत होता, मध्ये अंगठ्याएवढा खळगा. उजवं बटण कालच दुकानातून आणल्यासारखं कोरं, फक्त कडेला लाकूड घासल्याचे ओरखडे. पुसणाऱ्यांनी पुसलं होतं, पण झीज काय पुसून जाते? ज्या माणसाने आयुष्यात कधी प्रेसचं बटण दाबलं नाही, त्याला हे दिसणार नव्हतं. म्हणून तर ते मोठ्या ऐटीत घेऊन आले होते.

नुसतं बोट दाखवून सांगता आलं असतं. मग कंपनीवाल्यांनी त्यावरही काहीतरी कारण सांगितलं असतं, आणि मुकादम हसत हसत घरी गेला असता. वहिनी उभी राहिली.

"बाई, मला एक दाखवायचंय. मुकादमांनी माझ्यासमोर बसावं. माझी नणंद बसायची तसं."

तिच्या वकिलाने तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला. कंपनीचा वकील डॉक्टरकडे बघून म्हणाला, "आमची काहीच हरकत नाही. वायरसुद्धा जोडलेली नाही." डॉक्टरने पेनाचं टोपण काढलं. बाई आपण होऊन पॅनेलला हात लावणार होती, त्यांना आणखी काय हवं होतं?

अध्यक्षबाईंनी मान हलवली. मुकादम खुर्ची ओढून समोर बसला.

"उजवा हात इथे ठेवा," वहिनी म्हणाली. "पॅनेलच्या पुढे. इथूनच ती झाकण उचलायची."

"ठेवला, वहिनी." तो हसला. हात टेबलावर पसरलेला, पाचही बोटं, एका बोटात अंगठी.

वहिनीने आपला उजवा हात वर उचलला. हवेत, रिकामा, सगळ्यांना दिसेल असा. मग तिने डावी मूठ उघडली. चौदा महिने कोंडलेला तो अंगठा पांढरा पडला होता आणि थडथड उडत होता. तिने तो डाव्या बटणाच्या वर धरला. "हात?" असं तिने विचारलं नाही. तिने मुकादमाच्या डोळ्यांत पाहिलं आणि थांबली. घाई कसली? चौदा महिने थांबली होती. मुकादमाचं हसू जागच्या जागी होतं, पण टेबलावर पसरलेली बोटं नकळत थोडी जवळ आली. ती आणखी थांबली. तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

मग अंगठा खाली गेला.

टक् एवढाच आवाज झाला. मुकादमाने हात असा खेचला, की खुर्ची मागे गेली, जग कलंडला आणि पाणी डॉक्टरच्या कागदांवर गेलं. हात छातीशी धरून तो उभा होता.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. वहिनीचा उजवा हात अजून हवेतच होता.

"मुकादम," त्या म्हणाल्या, "एका हाताने प्रेस खाली येत नाही, असं तुमचं म्हणणं आहे."

"नाही येत."

"बाईंनी एकाच हाताने दाबलं. वायरही नाही. मग हात का काढलात?"

"ते... सवयीने."

"कसली सवय?"

मुकादमाने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने कापड उचलून पॅनेलवर टाकायला घेतलं. "राहू द्या तसंच," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि उठून जवळ आल्या. त्यांनी वाकून आधी डावं बटण पाहिलं, मग उजवं. उजव्याच्या कडेवरून नखही फिरवून पाहिलं. "हे पॅनेल इथेच राहील," त्या म्हणाल्या, "आणि कारखान्याच्या तपासणीवाल्यांना कळवायचं."

आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की वहिनी अजून तिथेच उभी आहे. अंगठा बटणावरून निघत नव्हता. तिचे दात वाजत होते, चेहरा पांढराफटक, नजर पॅनेलच्या पुढच्या रिकाम्या टेबलावर. तिच्या वकिलाने हात धरून ओढला, नवऱ्याने दोन्ही खांदे धरले. अंगठा काही सुटेना.

नणंद उठली. तिने आपला उजवा हात, तो एका अंगठ्याचा हात, वहिनीच्या हातावर ठेवला. त्या दिवशी म्हणायचं राहून गेलेलं ती आता म्हणाली, "मोकळा. वहिनी, हात मोकळा आहे."

अंगठा वर आला. वहिनी खाली बसली ती थेट फरशीवरच. नणंद तिला बिलगून बसली आणि मुकादमाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि आमचं पटतं."

कारकुनाने हळूच विचारलं, "बाई, अर्जदाराने पॅनेलला हात लावला, असं लिहू का?"

"लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "लावला असं लिहा. आणि काढता आला नाही, हेही लिहा. डॉक्टरसाहेब, तुम्हीही पाहिलंत ना?"

डॉक्टर ओले कागद झटकत होता. त्याने पेनाला टोपण लावलं आणि मान हलवली.

वहिनी फरशीवर थरथरत होती, घामाने भिजली होती, आणि मनातून तृप्त होती. तिने मान वर केली. मुकादम अजून उजवा हात डाव्या हाताने छातीशी घट्ट धरून उभा होता.

"सांभाळा, मुकादम," ती म्हणाली. "पाचही आहेत."