वाराबाईचा आवाज

माझी आई बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं तिच्याच तोंडून लोकांना कळायचं. माइक बंद पडला तरी तिचं काम अडायचं नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती अशी काही आरोळी ठोकायची की डुलक्या काढणारे ड्रायव्हर दचकून गाडीत चढायचे. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्यांचा आवाज अगदी मऊ. "मी लग्न नाही केलं, भोंगा बसवून घेतला," असं ते आईच्या देखतच म्हणायचे आणि आई त्यांच्या तिप्पट आवाजात हसायची.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती मुलांसाठी ॲनिमेशनची मालिका करत होती. एक खलाशी मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत बेटाबेटांवरून फिरते, बरोबर शेपटू नावाचं एक चिडकं समुद्री जनावर, आणि वाटेत भेटते वाराबाई. वाराबाई म्हणजे वाऱ्यांना हाक मारून बोलावणारी म्हातारी. तिच्यासाठी आत्याने नाटकातल्या कितीतरी बायकांचे आवाज ऐकले होते. सगळ्या गोड. "हाक मारली तर वारा झोपी जाईल अशा," आत्या वैतागून म्हणायची.

एकदा ती आमच्याकडे जेवायला बसली असताना आईने गॅलरीतून खालच्या दूधवाल्याला हाक मारली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दूधवाला रस्त्याच्या पार पलीकडे पोचला होता. तो थांबला, आणि त्याच्याबरोबर अख्खा रस्ता थांबला. आत्याचा घास हातातच राहिला.

"वहिनी, उद्या माझ्याकडे स्टुडिओत याल?"

"कशाला?"

"ओरडायला."

"त्यासाठी बाहेर कशाला जायचं? तुझा भाऊ आहे की घरात."

पण ती गेली. आवाज घुमू नये म्हणून घोंगड्या लावलेल्या त्या छोट्या खोलीत, उंच स्टुलावर बसून तिने वाऱ्याला पहिली हाक मारली, तेव्हा काचेपलीकडच्या माणसाने कानावरचा हेडफोन ओढून काढला आणि हसत कान चोळले. मी तेव्हा आत्याकडे नुकतीच कामाला लागले होते. वाराबाईची हालचाल माझ्या वाट्याला आली. तिचे केस, तिचे हात, तिचे ओठ. आई बोलताना हात कसे फेकते ते मी काचेतून बघायची आणि तसंच्या तसं काढायची. आईला ते कळल्यावर म्हणाली, "काढ हवं तेवढं, फक्त माझं नाक नको लावूस तिला."

आत्याच्या मालिकेत जादू होती, पण ती फुकटची नव्हती. वाराबाई वाऱ्याला बोलवायची तेव्हा दर वेळी तिचं काहीतरी जायचं. आधी केसांचा काळा रंग गेला. मग आपल्या घराची वाट ती विसरली. मग तिच्या आईने लहानपणी म्हटलेलं गाणं. गेलेलं काही परत यायचं नाही. खेळण्यांच्या कंपनीला काळ्या केसांची वाराबाई हवी होती, आणि आमच्यातले काहीजण म्हणायचे की पुढच्या भागात तिचे केस पुन्हा काळे करायला काय जातंय. आत्या ऐकायची नाही.

"पुढच्या भागात सगळं जागच्या जागी येणार असेल," ती म्हणायची, "तर पोरांनी जीव मुठीत धरून बघायचं तरी कशाला?"

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मोठं वादळ होतं. बुडत्या गलबतातल्या खलाशी मुलीला वाचवायला वाराबाई कड्यावर उभी राहून सगळ्या वाऱ्यांना एकदम हाक मारते. आईने ती हाक एका दमात दिली. तो भाग लागला त्या दिवशी मी आईपेक्षा जास्त मिरवले.

त्यानंतर काही दिवसांनी आईचा आवाज बसला आणि बसलेलाच राहिला. डॉक्टरांना स्वरयंत्रावर गाठ दिसली. त्या एका हाकेचा काही दोष नाही, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. गाठ आधीपासूनच वाढत होती. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग बोलायला बंदी. त्या दिवसांत आई ताटावर चमचा आपटून आम्हाला बोलवायची, आणि बाबांना अचानक कंठ फुटला. ते स्वयंपाकघरात उभे राहून तिला दुकानातल्या गमती सांगायचे. इतकं ते आधी कधी बोललेच नव्हते, कारण मधे जागाच मिळाली नव्हती.

बंदी उठली आणि आईच्या तोंडून जो आवाज आला तो लाकडावर कानस घासल्यासारखा होता. खरखरीत, बारीक, हातभर अंतरावर विरून जाणारा. आवाज आता असाच राहणार, डॉक्टर म्हणाले. बसस्थानकावर तिला पासच्या खिडकीत बसवलं. ते तिने निमूट स्वीकारलं. पण एका सकाळी मी डबा विसरून निघाले होते आणि आईने गॅलरीतून मला हाक मारली. मी वळले नाही. मला ऐकूच गेलं नाही. ती बराच वेळ डबा घेऊन तिथे उभी होती, हे बाबांनी मला नंतर सांगितलं.

तिसऱ्या पर्वाचं काम सुरू व्हायची वेळ आली. चॅनलचे साहेब एका तरुण मुलीला घेऊन आले. नकलाकार होती. तिने डोळे मिटले आणि वाराबाईची हाक दिली. हुबेहूब आई. आई आजारी पडायच्या आधीची. साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "तुमच्या वहिनींबद्दल मला आदर आहे. पण मुलांचा जीव या आवाजावर आहे. तो मिळतोय, तर का सोडायचा?"

आई स्वतः हट्टाने ऐकायला आली होती. मागच्या खुर्चीवर बसून तिने सगळं ऐकलं, मग उठून त्या मुलीजवळ गेली. पोरगी घाबरलेली.

"छान," आई तिच्या कानाशी जाऊन म्हणाली. "फक्त श्वास पोटातून घे. छातीतून घेतेस, म्हणून शेवटी कापतो."

बाहेरच्या व्हरांड्यात आत्याने तिला गाठलं.

"वहिनी, मला तुम्हीच हव्या आहात."

"का? वाईट वाटतंय म्हणून?"

आत्याची नजर खाली गेली. आईने तेवढ्यात ओळखलं.

"मग नको. ती चांगली बोलते. तू मालिका काय माझं समाधान करायला काढलीस?"

आणि जिन्याच्या कठड्याला हातही न लावता ताठ मानेने खाली उतरून गेली.

मी त्या नकलाकार मुलीचा आवाज घेऊन पहिला प्रसंग काढायला बसले. वादळानंतर वाराबाई गुहेतून बाहेर येते आणि खलाशी मुलीला हाक मारते. हात फेकून, केस उडवून, नेहमीसारखी. काढून झालं, आवाज जुळला, कुठे खोट नव्हती. मग दुसऱ्या पर्वाचा शेवट आणि हा प्रसंग मी एकापाठोपाठ एक लावून बघितले आणि काहीतरी खटकलं. पुन्हा बघितलं. मग आत्याला बोलावलं.

"आत्या, वादळात हिने सगळे वारे एकदम बोलावले ना?"

"हो."

"मग तिचं काय गेलं?"

आत्याने दोन्ही प्रसंग पुन्हा लावून बघितले. साध्या एका वाऱ्यापायी केसांचा रंग देणारी बाई एवढं वादळ परतवून आली होती आणि तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आजारपणाच्या धावपळीत तो हिशोब सगळ्यांच्याच डोक्यातून निसटला होता.

"नियम मीच घातला," आत्या अखेरीस म्हणाली, "आणि मीच तो मोडायला निघाले होते." तिने पर्स उचलली आणि थेट आमच्या घरी गेली. मीही मागोमाग निघाले.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. आत्या दारातूनच बोलायला लागली.

"वहिनी, दया नाही, माया नाही, काही नाही. वाराबाईचा आवाज गेलाय. वादळात गेला. आता मला जिचा आवाज गेलाय अशी बाई हवी. तुमच्या ओळखीची कुणी आहे?"

आईने घडी पुरी केली. मग हात पुढे केला. "संवाद दाखव."

तिने कागद वाचले, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि ओळीमागून ओळ खोडायला सुरुवात केली.

"अहो वहिनी, लिहायला महिना गेलाय माझा!"

"जिचा आवाज गेला ती एवढी भाषणं देईल? मी देते का हल्ली?" आई खरखरली. "मोजकंच बोलते मी. ज्याला ऐकायचंय तो जवळ येतो."

ते वाक्य मी डोक्यात घेऊनच कामाला बसले. आधीचं सगळं काढलेलं टाकून दिलं. आता वाराबाई हात फेकत नव्हती. ती कुणाला काही सांगणार असली की समोरच्याला जवळ यावं लागायचं. कधी ऐकून न घेणारा शेपटू तिच्या खांद्यावर चढून कान लावायचा. खलाशी मुलगी तिच्यापुढे गुडघे टेकून बसायची. ज्या दोघींना मी दोन पर्वं लांबलांब उभं करून एकमेकींवर ओरडायला लावलं होतं, त्यांचे चेहरे पहिल्यांदा इतके जवळ आले. मला नवं चित्र काढायला मिळालं ते आईच्या त्या बोलण्यामुळे.

आणि ध्वनिमुद्रण! आईने माइक ओठांशी ओढून घेतला. खलाशी मुलगी विचारते, "आता वारा कसा येणार?" आणि वाराबाई म्हणते, "आता तू बोलाव." एवढंच. हे तीन शब्द आईने असे म्हटले की त्यात थकवा होता, थोडा हेवाही होता, आणि त्या पोरीवरचा पूर्ण विश्वास होता. आईने विचारलं, "पुन्हा घ्यायचं?" आत्याने नुसती मान हलवली. नको.

साहेबांना पटेना. घोगरी, कुजबुजणारी वाराबाई बघून मुलं चॅनल बदलतील अशी त्यांना धास्ती होती. शेवटी ठरलं की दोन्ही प्रकार मुलांनाच दाखवायचे. जवळच्या शाळेतली मुलं आमच्या छोट्या पडद्यासमोर बसवली. अर्ध्या मुलांना आधी नकलाकार मुलीचा आवाज ऐकवला. ती खूश झाली, टाळ्या पिटल्या, शेपटू पडला तेव्हा हसली. साहेबांनी आत्याकडे बघितलं. आई मागे भिंतीला टेकून उभी होती.

मग दुसऱ्या गटाला आईचा आवाज ऐकवला. वाराबाईने तोंड उघडलं आणि आधी एकदोघं खुदकन हसली. मग हसू थांबलं. ऐकू नीट यावं म्हणून मुलं खुर्चीतून पुढे सरकली. सगळी. जशी पडद्यावरची माणसं सरकत होती तशीच. संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "तिचा आवाज कधी परत येणार?"

आम्ही काही सांगायच्या आत तिच्या शेजारचीच तिच्यावर करवादली. "येणार नाही! तिने तो देऊन टाकला ना. म्हणून तर ती वाचली."

"कोण, वाराबाई?"

"अगं, गलबतातली मुलगी!"

मग दोघी त्यावरच भांडू लागल्या. वाराबाईने आवाज राखून ठेवायला हवा होता की नव्हता, आपण असतो तर काय दिलं असतं, केस दिले असते का, घर विसरलो असतो का. सगळा गट त्यात पडला. शाळेच्या बाईंनी दोनदा गप्प बसवलं तरी कुणी बसेना. पहिल्या गटाला काय बघितलं ते विचारलं तर त्यांनी शेपटू पडला ते सांगितलं.

साहेब बराच वेळ ते भांडण ऐकत उभे होते. मग आत्याला म्हणाले, "हेच लावा." आणि आईकडे जाऊन, थोडं वाकून, तिचं उत्तर ऐकू येईल इतक्या जवळून म्हणाले, "माझं चुकलं, बाई."

"तुमचं कान देऊन ऐकणं आवडलं मला," आई म्हणाली.

नकलाकार मुलगी गेली नाही. आईनेच आत्याला सुचवलं की वाराबाई तरुण असतानाची गोष्ट का सांगत नाहीस, तेव्हा तर तिचा आवाज शाबूत होता. आत्याने ते भाग लिहिले. मुलगी आता आठवड्यातून एकदा आमच्या घरी येते, आणि गॅलरीत उभं राहून पोटातून हाक कशी द्यायची ते आईकडून शिकते. शेजारच्यांची तक्रार आली. आईने त्यांना सांगितलं, "सवय करून घ्या, आधी मी होते, आता ही."

तिसरं पर्व लागलं तेव्हा लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पण मला सांगायचंय ते बाबांचं. दुकानात कुणी आई-बाप पोराला चष्म्याला घेऊन आले की बाबा नंबर तपासता तपासता हळूच विचारतात, "वाराबाई बघतोस का?" पोराने हो म्हटलं की झालं. "ती आमच्या घरातली." मग पोर विश्वास ठेवत नाही, मग बाबा आईला फोन लावतात, मग आईला त्या पोराशी दोन शब्द बोलावे लागतात.

परवा मी बाबांना म्हटलं, "अहो, किती मिरवाल? आईला कंटाळा येत असेल."

आई आतून बाहेर आली. पाठ ताठ, हात कमरेवर.

"मिरवू दे त्यांना," ती म्हणाली. "मी केलंय ते काम."