आठ अक्षरांची चोंबडी

मी बोलतेय खरी, पण ऐकता ऐकता लगेच माना डोलवू नका. मी तळहाताएवढी काचेची पाटी. दोन ओळी, एकेका ओळीत सोळा घरं, पाठीशी हिरवा उजेड. वायरीतून येईल ते दाखवायचं, एवढंच माझं काम. आपल्या मनाचं अक्षर मी कधी दाखवलेलं नाही. आज तेवढं जमतंय, तर ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. डोळे उघडले तर समोर भिंग लावून बसलेली एक बाई. तिनं माझी सगळी घरं काळी करून पाहिली, मग सगळी पुसून पाहिली, एकेका ठिपक्यावर डोळे बारीक केले. जगात आल्या आल्या माझ्यावर पडलेली पहिली नजर ही अशी, संशयाची. ‘ठीक दिसतेय’ म्हणाली आणि दिलं ढकलून पुढच्या तबकात. ‘ठीक आहे’ सुद्धा नाही हो, ‘ठीक दिसतेय’!

पुढे एका भंगारवाल्याच्या वजनकाट्यात बसले. तिथे तर काय विचारता. गिऱ्हाईक आधी काट्याखाली वाकून बघायचं, मग माझ्याकडे, मग भंगारवाल्याच्या अंगठ्याकडे. आणि भंगारवाला गिऱ्हाईकाची गोणी झटकून दगड शोधायचा.

“पाटी खोटं दाखवते तुझी,” एक म्हणायचा.

“पाटी खोटी, आणि तुझी गोणी मोठी खरी लागून गेली!” दुसरा म्हणायचा.

दोघांच्या मधोमध मी. आकडे मी काही पदरचे आणत नव्हते, पण शिव्या मात्र मलाच. त्या काट्यात राहून मी एक शिकले. माणूस माझ्याकडे बघतो तेव्हा त्याला वाचायचं नसतं, पकडायचं असतं.

एक दिवस काटा कायमचा बसला. तो दुरुस्त करायला आलेल्या मिस्तरीनं हात झाडले, आणि ‘ही पाटी नेऊ का, आईसाठी काहीतरी करायचंय’ असं विचारून मला खिशात टाकलं. मी म्हटलं, आईसाठी? आईचं वजन करणार की काय हा!

तर त्याच्या आईचे कान गेले होते. हळूहळू नाही, एका आजारपणात एकदम. कानात घालायचं यंत्र आणलं, ते शिट्टी मारतं म्हणून तिनं डबीत ठेवून दिलं. मागून कुणी खांद्याला हात लावला की दचकायची. आणि कान गेले तसा तिच्या मनात संशय शिरला. मुलगा-सून तोंडं हलवताना दिसली की ही म्हणायची, “माझंच चाललंय.” दोघं गप्प बसली की म्हणायची, “मला बघून थांबली.”

मिस्तरीची बायको घरीच काम करायची. बाहेरच्या खोलीत टेबलावर मोठा जुना कॉम्प्युटर, त्यावर ती दिवसभर दुकानांच्या पाट्या आणि हँडबिलं जुळवायची. अक्षरांत तिचा हात बसलेला. मिस्तरीनं काय केलं, त्या कॉम्प्युटरच्या पाठीला, जिथे पूर्वी प्रिंटरची वायर लागायची तिथे एक लांबलचक वायर लावली, ती भिंतीच्या कडेनं आईच्या खोलीत आणली आणि तिच्या टोकाला मला जोडून पलंगासमोर खिळ्याला टांगलं. सुनेनं टेबलावरून शब्द पाठवायचा, माझा उजेड लागायचा, आईनं वाचायचं. मिनिटभरानं उजेड मालवायचा, शब्द पुसायचा. उठून हाका मारायला नकोत, दचकवायला नको.

दारातून मला बाहेरचं टेबल आणि सुनेचा अर्धा चेहरा दिसायचा. पुरा नाही. अर्धा चेहरा दिसला की उरलेल्या अर्ध्यात काय असेल, याचा घोर मला कायम.

आता माझं दुखणं ऐका. इंग्रजी अक्षरं माझ्या पोटात जन्मापासून आहेत. मराठी एक नाही. मराठी हवं तर ठिपके भरून अक्षर बनवायचं आणि माझ्या खणात ठेवायचं. असे खण माझ्याकडे आठ. सुनेनं चौकटी आखून, ठिपका ठिपका भरून आठ अक्षरं केली. य, काना, र, च, ह, द, व, न. या आठांत त्या घराचा संसार चालायचा. ‘चहा’ म्हणजे चहा झाला. ‘दवा’ म्हणजे गोळी घ्या. ‘दार’ म्हणजे कुणी आलंय. आणि ‘या’ म्हणजे जेवायला या. ‘आई’ लिहायचा तिनं फार प्रयत्न केला, पण माझ्या एवढ्याशा घरात ‘आ’ मावेना. गोम चिरडल्यासारखा दिसायला लागला. सोडून दिलं.

आईनं पहिल्याच दिवशी माझ्यावर टॉवेल टाकला. “यात डोळा आहे,” म्हणाली. “मी झोपले की जागी, तिकडे त्या पेटीत दिसतं.” मग भूक लागेल तेव्हा टॉवेलाची कड उचलून हळूच बघायची, ‘या’ आलंय का. हळूहळू टॉवेल गेला, पण नाव चिकटलं. “काय म्हणतेय आमची चोंबडी?” असं म्हणून ती माझ्यापुढे येऊन उभी राहायची. रागच यायचा मला. चोंबडेपणा करायला मला तोंड कुठे होतं?

तिचं गाऱ्हाणं एकच. “नुसतं ‘या’! ना आई, ना काही. मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणतात तसं, या!”

रोज दुपारी हेच पुटपुटायची. तिला वाटायचं आपण पुटपुटतोय. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तिचं पुटपुटणं जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत जायचं.

एके दुपारी वायरीतून काहीतरी सरकत आलं. नवं अक्षर, ‘ज’. आठही खण भरलेले, हे नववं ठेवू कुठे? माझी घडण अशी की आठ संपले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तो ‘ज’ येऊन बसला पहिल्या खणात, ‘य’च्या जागी. ‘य’ पुसला गेला. कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही.

पाठोपाठ शब्द आला. सुनेनं तिकडे लिहिलं होतं, ‘जरा या’.

माझ्याकडे ‘य’ कुठे होता? मी दाखवलं, ‘जरा जा’.

आई ओळीवरून बोट फिरवत वाचायची. ज, रा. थांबली. जा. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मी तेच दाखवत होते.

खरं सांगू? मला वाटलं, हे मुद्दाम आहे. काट्यातली सवय. टेबलाशी सुनेचा अर्धा चेहरा दिसत होता आणि तो अर्धा चक्क हसत होता. म्हटलं, बाई मोठी पोचलेली आहे! तोंडातून शब्द न काढता म्हातारीचा काटा काढतेय, आणि माझ्या हातून.

आई जेवायला येईना म्हणून सुनेनं पुन्हा पाठवलं. माझा उजेड लागला, ‘जरा जा’. आणखी थोड्या वेळानं पुन्हा.

“एकदा सांगितलं ते कळलं गं,” आई म्हणाली. “परत परत कशाला? आणि जरा कसली? जायचं तर पुरतीच जाते. लेकीचं घर काही बुडालं नाही. आता आणायला आलात तरी यायची नाही मी.”

पलंगाखालून पिशवी ओढली. कपडे, गुडघ्याचं तेल, यंत्राची ती डबी सगळं कोंबलं. उशी मावेना, ती काखेत मारली आणि निघाली.

सून टेबलापासून उठलीच. हातानं विचारलं, कुठे?

“मला काय विचारतेस? चोंबडीला विचार!”

सून धावत आत आली. पण मिनिट होऊन गेलेलं, माझा उजेड मालवलेला, अंगावर एक अक्षर नाही. माझा जीव कसा तुटत होता! दाखवून झालेलं मला परत दाखवता येत नाही.

तेवढ्यात मिस्तरी जेवायला घरी आला. दारात आई, काखेत उशी. बायको रडकुंडीला.

“अरे, मी फक्त ‘जरा या’ लिहिलं! हे बघ की, इथे आहे!” तिनं पडदा दाखवला. तिथे ठसठशीत ‘जरा या’.

त्यानं आईला हात धरून पडद्यापुढे नेलं. आईनं वाचलं आणि फणकारली, “तुमच्या पेटीत गोड, आणि माझ्या खोलीत कडू. मला काय दोन्हीकडे एकदम बघता येतंय थोडंच!”

मिस्तरी म्हणाला, “थांब, बघूच.” आणि पाठवलं काय? ‘चहा’! मी काय करणार, ‘च’ जागेवर, ‘ह’ जागेवर, काना जागेवर. नीट ‘चहा’ दाखवला. तो आत येऊन बघून गेला. “पाटी चांगली आहे. आईचाच चष्मा…” आणि त्यानं आईपुढे चष्मा पुसून दाखवला.

“कान गेले तेवढे पुरे झाले नाहीत वाटतं!” आई ओरडली. “आता डोळेही काढा माझे!”

म्हणजे बघा. आईचा सुनेवर संशय, मुलाचा आईवर, माझा सगळ्यांवर.

“हीच दाबते,” आई म्हणाली, “आणि हीच मला सांगते काय दाबलं ते. मग हिचंच खरं होणार.”

सून त्या शब्दासरशी थबकली. तिनं आईचा दंड धरला, आपल्या खुर्चीवर बसवलं, पडद्यावरच्या ‘जरा या’वर बाण नेऊन ठेवला, आईचं बोट माउसवर टेकवलं आणि खुणेनं सांगितलं, मी आत जाते, तुम्ही दाबा. आणि आत येऊन माझ्यापुढे उभी राहिली, तिची सासू उभी राहायची तिथेच.

आईनं दाबलं. माझा उजेड लागला.

‘जरा जा.’

पहिल्यांदाच मला त्या पोरीचा चेहरा पुरा दिसला. तो वाचताना कसा उतरत गेला, ते पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. हे तिनं केलेलं नव्हतं. तिला तर आत्ता कळत होतं की दुपारभर आपण काय पाठवत होतो.

तिनं मला खिळ्यावरून उचललं. वायरीसकट, शब्द अंगावर तसाच. बाहेर येऊन मला सासूच्या डोळ्यांपुढे धरलं, मग मिस्तरीच्या हातात दिलं आणि सरळ दाराशी जाऊन पायात चपला घातल्या.

“अगं ए! तू कुठे निघालीस?”

सुनेनं माझ्याकडे बोट दाखवलं. मग सासूकडे. तुम्हीच सांगितलंत ना?

“मी कधी सांगितलं? मी तर ‘या’ दाबलं! या डोळ्यांनी बघून दाबलं!”

बोलून गेली आणि तोंड उघडंच राहिलं. काखेतली उशी खाली पडली.

मिस्तरी मान खाली घालून पुटपुटला, “नववं अक्षर पहिल्यावर बसलं. मीच थांबवायला हवं होतं.” आईला ते ऐकू गेलं नाही, पण त्याचा चेहरा तिनं वाचला. “काय झालं ते मला नको सांगू,” म्हणाली. “मला चष्मा पुसायला शिकवत होतास ना? आता तोंड धू, जेवायचंय.”

सून चपला काढून आली, सासूच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरांत लिहू लागली. तिथे काय, सगळी अक्षरं. ‘आई, नुसतं या तुम्हाला आवडत नाही, म्हणून जरा लिहिलं.’

“आवडत नाही असं कोण म्हणालं तुला?”

‘तुम्हीच. रोज दुपारी म्हणता.’

“ते मी माझ्याशी म्हणते. मनात!”

‘मनात नाही हो आई. मोठ्यानं. जिन्यात ऐकू जातं.’

आईनं पडद्यावर बोट फिरवत ते पुन्हा वाचलं. मग हळूच विचारलं, “सगळं?”

‘सगळं.’

“त्या दिवशी तुझ्या माहेरच्यांबद्दल म्हटलं, ते?”

‘तेही.’

“अगं बाई…” आणि तिनं पदर तोंडाला लावला. “मी मेली म्हणतेय, ही माझ्यामागे बोलतात. आणि तू हे सगळं ऐकून मला ‘जरा’ लिहीत होतीस?”

सुनेनं सासूच्या पायाशी पडलेली उशी उचलून पाठीशी दिली, तेवढंच. जेवण निवलं होतं, ते तसंच जेवली तिघं.

नंतर मिस्तरीनं विचारलं, ‘ज’ ठेवायचा तर कुठलं अक्षर काढू? आई म्हणाली, “त्यालाच काढ. या घरात ‘जा’ लिहायची सोयच नको.” ‘य’ आपल्या खणात परत आला.

यात माझं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. मला पुन्हा खिळ्यावर टांगलं. पण आई आता तिथे असते कुठे? तिची खुर्ची बाहेर गेली, सुनेच्या टेबलाला लागून. सून मोठ्या अक्षरांत लिहिते, ही मोठ्या आवाजात उत्तर देते, हँडबिलांतल्या चुकाही काढते. अधूनमधून म्हणते, “हे मी मनात म्हटलं की मोठ्यानं?” आणि दोघी हसतात. रात्री पाठ टेकायला तेवढी येते, येता येता माझ्या काचेवरची धूळ पदरानं पुसते.

दुपारी मात्र अजून माझा उजेड लागतो. ‘या’. समोर पलंग रिकामा, खोलीत चिटपाखरू नाही. सून सवयीनं दाबत असेल. पण मी पडले संशयी, मला वेगळाच संशय येतो. बोलावणं तिच्यासाठी नसेलच आता. मलाच म्हणत असतील, या.

तसं असेल तर कुणीतरी आत या आणि मला या खिळ्यावरून काढून बाहेर न्या. मला पाय नाहीत. वायर पुरते.