वाकडीचे बी

१९९३ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, भगवानराव नगराळे यांनी पहिली फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये घातली. ती वाचता आली नाही. दुसरीही नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्या घालून झाल्या. दोन-तीन फ्लॉप्यांवर गावांची अर्धवट नावे दिसली. बाकीच्या कोऱ्या असल्यासारख्या होत्या.

आदिलाबादहून निघालेली सडक गुडीहत्नूरच्या पुढे जाते तिथे एका विद्यापीठाचे लहानसे ज्वारी केंद्र होते. नगराळे तिथे संशोधन सहायक होते. तालुक्यातल्या गावांतून जुन्या ज्वारीचे बी गोळा करायचे आणि ज्या घरातून ते आले त्या घराची माहिती टिपून घ्यायची, हे त्यांचे काम. वाणाचे नाव काय, जमीन कोणती लागते, पेरतात कधी, भाकर कशी होते. कापूस वाढत चालला होता आणि ज्वारीचे जुने वाण एकेका घरातून जात होते. नगराळे बसने जात, पुढे पायी जात आणि म्हाताऱ्या बायांशी बोलत. गाडग्यातले बी त्यांच्याच ताब्यात असे.

ही माहिती कशात ठेवावी, असे विद्यापीठाने विचारले तेव्हा पर्याय तीन होते. कागद, फ्लॉपी, किंवा टेपची महागडी कॅसेट आणि तिचे वेगळे यंत्र. कॉम्प्युटरमधली डिस्क लहान होती आणि ती पगारपत्रकांनी भरली होती. हैदराबादला कॉम्प्युटरचे शिक्षण घेऊन आलेले केंद्रात एकटे नगराळेच होते, म्हणून उत्तर त्यांनी दिले. कागदाला वाळवी लागते, कॅसेटचे यंत्र बिघडले तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही, म्हणून फ्लॉपी. दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. बियांच्या पाकिटावर फक्त क्रमांक घालावा, कारण एकाच वाणाला गावोगावी वेगळी नावे आहेत आणि त्यातून घोटाळा होतो. विद्यापीठाला हे पटले. माहिती फ्लॉपीवर चढली तसे मूळ कागद रद्दीत गेले.

दुसरी इमारत म्हणजे बियांचे गोदाम. तिथे धूळ होती, उंदीर होते. नगराळे यांनी दुसरी प्रतही पहिल्या प्रतीच्याच डब्यात ठेवली. पुढे सोय करू, असे त्यांनी ठरवले होते.

आता गोदामातल्या लोखंडी कपाटात शेकडो पाकिटे होती आणि प्रत्येकावर एक क्रमांक होता. त्या क्रमांकाचा अर्थ सांगणारे काही उरले नव्हते.

कारण नगराळे यांना सोमवारीच कळले होते. ते त्यांनी शनिवारी डोळ्यांनी पाहिले होते.

शनिवारी खंडेनवमी होती. ज्याच्यावर आपले पोट चालते ते त्या दिवशी पूजेला मांडायचे, ही केंद्रातली जुनी रीत. शिपाई डोमाजी टेबल मांडत असे. तराजू, फवारणीचा पंप, जीपची किल्ली, शेतकरी मेळाव्यात जीपवर लावायचा भोंगा. केंद्राचे प्रमुख सुधाकरराव यांनी त्या वर्षी सांगितले की कॉम्प्युटरचेही काहीतरी पाहिजे. डोमाजीने फ्लॉप्यांचा डबा मागितला. नगराळे यांनी स्वतः नेऊन दिला. डोमाजीने तो भोंग्याच्या मागच्या अंगाला टेकवून उभा केला, झेंडूची फुले वाहिली, हळदकुंकू लावले. भोंग्याच्या मागच्या अंगाला लोहचुंबक असते. चुंबकापासून दूर ठेवा, असे प्रत्येक फ्लॉपीच्या पाकिटावर चित्र काढून छापलेले होते.

पूजेला मांडलेल्या वस्तूला नंतर हात लावत नाहीत. ती दसरा झाल्यावरच हलते. रविवारी दसरा होता. डबा दोन रात्री तिथेच राहिला.

नगराळे बौद्ध होते. केंद्रात रुजू झाले त्या वर्षी खंडेनवमीला ते पूजेच्या आधी घरी गेले होते. नंतर त्यांच्या कानावर आले की नगराळे साहेबाला आपला नारळ चालत नाही, असे कोणीतरी हसत म्हणाले. पुढच्या वर्षीपासून ते मागे उभे राहू लागले. हात जोडत नसत, पण खोबऱ्याचा तुकडा घेत आणि खात. त्या शनिवारी डबा भोंग्याला टेकलेला दिसला तेव्हा पुढे होऊन तो जरा बाजूला घ्या म्हणायचे, एवढेच काम होते. सगळे उभे होते, उदबत्ती लागली होती. आपण पूजेतली वस्तू उचला म्हणालो तर ते कसे ऐकले जाईल, हे नगराळे यांच्या मनात आले, आणि ते बोलले नाहीत. खोबरे खाऊन घरी गेले.

सोमवारी सुधाकररावांनी विचारले तेव्हाही ते बोलले नाहीत. सुधाकरराव शेतकऱ्याच्या घरातले, समजूतदार माणूस. त्यांनी स्वतःच कारण काढले. यंदा पाऊस लांबला, खोलीला ओल आहे, ओल लागली असेल. वर पाठवायच्या अहवालात तसेच लिहिले गेले. खाली नगराळे यांची सही होती.

पुढच्या मे महिन्यात, मृगाला थोडे दिवस उरले असताना, मनकर्णाबाई आल्या. नार्नूरच्या अलीकडच्या एका गावातल्या. सोबत मुलगा दौलत. दोन वर्षांपूर्वी नगराळे त्यांच्या ओट्यावर अर्धा दिवस बसले होते. त्यांच्या ज्वारीला त्या वाकडी म्हणत. कणीस भरले की मान खाली घालते आणि पाखराला बसायला जागा उरत नाही, म्हणून वाकडी. त्यांच्या सासूने ती माहेराहून आणली होती. गाडग्यातले बी द्यायला त्या आधी तयार नव्हत्या. तेव्हा नगराळे यांनी त्यांना सांगितले होते की घरातले संपले तरी विद्यापीठात राहील, मागाल तेव्हा देईन. मग त्यांनी ओंजळभर दिले.

घरातले संपले होते. दौलतने दोन वर्षे सगळ्या वावरात कापूस लावला आणि गाडग्याला कीड लागली. आता बांधाकडच्या तुकड्यात ज्वारी घ्यायची होती. वाकडीच घ्यायची, असा आईचा हट्ट होता. दौलतने साहेबांसमोर तिची चेष्टा केली. म्हणाला, "बाजारात संकरित ज्वारीची थैली भेटते, पण हे म्हणते का सासूची ज्वारी पाह्यजे. सासू जितीजागती होती तवा तिच्याशी एक दिस पटलं नाही."

"तिच्याशी नाही पटलं," मनकर्णाबाई म्हणाल्या, "तिच्या भाकरीशी पटलं."

नगराळे त्यांना बाकावर बसवून गोदामात गेले. नार्नूरच्या बाजूची पाकिटे कोणत्या खणात आहेत ते त्यांना आठवत होते. त्या खणातली बरीच पाकिटे त्यांनी उघडून पाहिली. दाणे सगळे तांबूस-पांढरे, काही टपोरे, काही बारीक. मनकर्णाबाईंच्या ओंजळीतले दाणे डोळ्यांपुढे आणायचा त्यांनी प्रयत्न केला. आठवली ती ओंजळ, दाणे नाहीत. शेवटी त्यांनी एक पाकीट घेतले.

बाहेर येताना सांगायचे त्यांनी ठरवले होते. माहिती गेली आहे, तुमचे बी इथे आहे पण कोणते ते मला ओळखता येत नाही, एवढेच. मनकर्णाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी पाकीट दोन्ही हातांत घेतले, दाणे तळव्यावर ओतले आणि बोटांनी चाचपले. मग दौलतला दाखवले. दौलत म्हणाला की ज्वारी ज्वारीसारखीच दिसते.

"हेच नं बापू, माही वाकडी?" त्यांनी विचारले.

"हो, आजी. हेच."

"घरच्यावानी सांभाळलं तुमी," त्या म्हणाल्या, आणि पाकीट पदराच्या टोकात बांधले.

नगराळे त्यांना सडकेपर्यंत सोडायला गेले. मनकर्णाबाईंनी बसमध्ये चढताना त्यांच्या खांद्याचा आधार घेतला.

पाऊस वेळेवर आला. ऑगस्टमध्ये नार्नूरकडचा एक माणूस केंद्रात आला होता. तो सहज बोलून गेला की मनकर्णाबाईची विद्यापीठातली ज्वारी चांगली आली आहे आणि दौलतने चार घरांना बी कबूल केले आहे. तो गेल्यावर नगराळे सुधाकररावांच्या खोलीत गेले, दार लावून घेतले आणि भोंग्याचे सांगितले. पाकिटाचेही सांगितले.

सुधाकररावांनी हातातला पेन खाली ठेवला.

"मंग त्या दिवशी बोल्ले काऊन नाही? मी उचलला असता नं डबा."

"मला वाटलं, तुम्हाला वेगळं काही वाटेल."

नारळाबद्दल हसत बोलणारा माणूस कोण होता, हे नगराळे यांनी कधी विचारले नव्हते आणि आताही विचारले नाही. सुधाकररावांचा चेहरा उतरला होता. ते एवढेच म्हणाले, "अहवाल वर गेलेला आहे. आता ओलच राहू द्या." मग त्यांनी मनकर्णाबाईंकडे जायला जीप नेता का, असे विचारले. नगराळे यांनी जीप नको म्हटले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते बसने गावाला गेले. दौलत बैल धुवायला ओढ्यावर गेला होता. मनकर्णाबाईंनीच त्यांना वावरात नेले. वाट त्यांच्या पायांना माहीत होती. बांधाकडच्या तुकड्यात ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. कणसे अजून शेवटच्या पानाच्या वेष्टनात, पोटरीत होती. ती निसवून, म्हणजे बाहेर येऊन, भरली की मान घालतात की ताठ राहतात ते दिसणार होते. त्याला अजून काही आठवडे होते.

मनकर्णाबाईंनी ज्वारीचे एक ताट वाकवून घेतले आणि पोटरीवरून हात फिरवला.

"पोटरी भरली," त्या म्हणाल्या. "एखांदं निसवलं का कुठं? पाहा बरं, मले दिसत नाही."

नगराळे ओळीतून आत शिरले. पलीकडच्या बांधापर्यंत जाऊन परत आले. पानांवरच्या पाण्याने त्यांचे कपडे ओले झाले होते.

"आजी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे," ते म्हणाले.

"आदी हे सांगा."

"अजून नाही निसवलं."

"मंग बसा. च्या पिऊ, मंग सांगा," असे म्हणून त्या घराकडे वळल्या. नगराळे त्यांच्या मागे चालू लागले. संध्याकाळची शेवटची बस गावातून सुटली तेव्हा ते तिच्यात नव्हते. त्यांनी मनकर्णाबाईंना सगळे सांगितले तेव्हा बांधाकडच्या तुकड्यातले एकही कणीस बाहेर आलेले नव्हते.