चटका न लागणारा हात

मित्रांनो, कोपर दाराला आपटला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? त्याच वाटेवर राहणारी मी एक जुनी आधारपेशी आहे. हाताचे निरोप डोक्याकडे नेतो तो मज्जातंतू. त्याला पांघरूण घालायचं, जपायचं, हे काम आम्हां आधारपेशींचं. नाव मात्र त्याचंच होतं. असो, ज्याचं त्याचं नशीब!

मी पोशीर गावच्या भागूबाईच्या उजव्या हातातली. तांदळाची भाकरी थापावी तर तिनेच. तव्याचा चटका लागला रे लागला की निरोप जायचा आणि ती "आय गं!" म्हणून हात झटकायची. त्या एका झटक्याने मला धन्य वाटायचं.

मोठ्या लढाईच्या साली महारोगाचे जंतू आले. मेले थेट माझ्याच पोटात बिऱ्हाड करून बसले! मी सुजले, मज्जातंतू आवळला गेला, निरोप थांबले. भागूबाईची करंगळी आणि तळहाताची कड बधिर झाली. आणि गावाने काय करावं? कौतुक! सासू धोंडूबाई लग्नघरी मिरवायची, "माज्या सुनंच्या हाताला चटका म्हनून लागत नाय बगा." बायका तिला चुलीतले निखारे हाताने सारायला लावायच्या. मी आत टाहो फोडत होते, पण ऐकतो कोण?

एका लग्नात करपल्याचा वास आला. भागूबाईने घाईघाईने भाकरी उलटली. शेजारची बायजा किंचाळली, "भागू, भाकर नाय गं, तुजा हात!"

हा महारोग, हे गावाला तेव्हा उमजलं, आणि त्या दिवसापासून तिच्या हातची भाकरी कोणी खाल्ली नाही. नवऱ्याने, बुधाजीने, तिला बांधावर खोपटं घालून दिलं. करंगळी वाकडी झाली ती झालीच. "आय जवळ आली की पळायचं," असं तिच्या लहानग्या लेकीला, जयाला, घरात शिकवलं.

परवा जया लांबूनच ओरडली, "आय, मी निखारा धरला! मला लागलाच नाय, तुज्यावानी!"

भागूबाई ताडकन खोपटाबाहेर आली. "जये, हात दाखव गं! बापाला सांग, दवाखान्यात नेऊ दे!" म्हणत ती धावली. आई जवळ येताना पाहून पोर पळत सुटली.

मित्रांनो, दुखतं त्याची काळजी सगळेच घेतात. जे दुखायचं थांबलं, त्याच्याकडे आधी बघा. आणि त्या पोरीला कोणीतरी गाठा रे. माझा निरोप आता करंगळीपर्यंतसुद्धा पोचत नाही.