सुलतानेचा प्याला

ज्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली आणि बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघू लागली, त्या वर्षी आमच्याकडे रोज संध्याकाळी सुलताना गुलरुख येत असे. मगरिबची नमाज आटोपली, चहा झाला, की टीव्हीवर नगारे वाजायचे, हत्तीचा पाय दिसायचा आणि मग तिचा चेहरा. तो चेहरा तीनदा दाखवत, प्रत्येक वेळी वीज कडाडल्याचा आवाज करून. शेकडो वर्षांपूर्वी बापाच्या तख्तावर बसलेली ही पोरगी खरीच होऊन गेली की मालिकावाल्यांनी बनवली, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला तिची काळजी वाटायची, एवढं खरं.

आमचं घर आर्णीच्या बाहेर, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत माझे मालक निजामुद्दीन फवारणीचे पंप दुरुस्त करत. त्या हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसे. मधल्या खोलीत टीव्ही. समोर मी, माझी सून शगुफ्ता आणि मागच्या गल्लीतली जमनी. जमनी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, लग्न होऊन इकडे आलेली. तिचा नवरा फुलचंद दुसऱ्यांच्या वावरात रोजीनं फवारणी करायचा.

फुलचंदही रोज यायचा. पण मालिका बायकांची, असं त्याचं म्हणणं. तो दाराच्या चौकटीला टेकून बसायचा आणि टोमणे मारायचा. ही बाई झोपतानाही दागिने काढत नाही, हिला टोचत नसेल काय, असं विचारायचा. दरबारात जो तो उदबत्त्या जाळून ठेवतो, एवढ्या धुरात यांना शत्रू दिसतो तरी कसा, म्हणायचा. धुराचं त्याचं ठरलेलंच होतं. महाल दिसला की तो खोटं खोटं खोकायचा आणि शगुफ्ता हसून लोटपोट व्हायची.

एकदा तिनं त्याला विचारलं, “भाऊ, एवढी वाईट हाय तं पाह्यता काहून?”

“मी कुठं पाह्यतो? जमनीले घरी न्यायले येतो.”

“सुरू व्हायच्या आंधीच येता न्यायले?”

जमनी म्हणाली, “मी रडते ते पाहाले येते हा. दुसऱ्याच्या बापासाठी रडते म्हणते मले.”

आम्ही रडायचो हे खरं होतं. गुलरुखच्या बापाला दफन केलं तेव्हा तर मी दुपट्टा पिळून काढावा इतकी रडले. फुलचंदनं तेव्हा बाहेर जाऊन निजामुद्दीनला सांगितलं होतं की चाचा, आत मयत झाली, तुम्ही इथं पंपाचे वायसर काय बसवता. त्याला रडू येत नाही याचा त्याला मोठा अभिमान होता. जमनीनं पैजच लावली होती. एक दिवस याला या राणीपायी रडवीन, म्हणायची.

माझं माहेर ढाणकीचं. लहानपणी माझी दादी गादीसाठी कापसातली सरकी बोटांनी काढत बसायची आणि आम्हा पोरांना समोर बसवून एका राणीची गोष्ट सांगायची. त्या राणीच्या अंगावर फारसे दागिने नव्हते आणि ती भाकर स्वतः थापायची, कारण दादीला दुसऱ्या कुठल्या राणीची कल्पना नव्हती. गोष्ट संपेपर्यंत सरकीचा ढीग व्हायचा. तेव्हा पऱ्हाटी माझ्या अब्बांच्या कमरेला लागायची. अळी पडली की आम्ही पोरं रॉकेलचा डबा घेऊन वावरात जायचो, एकेक अळी चिमटीत धरून डब्यात टाकायचो. संध्याकाळी हाताला रॉकेलचा वास यायचा आणि अम्मी राख लावून हात धुवायला लावायची. त्याशिवाय जेवायला वाढायची नाही.

त्या वर्षी मात्र पऱ्हाटी अशी वाढली की आत शिरलेला माणूस दिसत नसे. नुसती पंपाची नळी वर उठलेली दिसायची. औषध वर मारायचं, ते झाडावर पडायचं आणि झाडाखालच्या माणसावरही. एका औषधानं अळी मरेना म्हणून दोन-तीन औषधं एकाच बादलीत ओतून तुराटीच्या काडीनं ढवळायची आणि पंपात भरायची. निजामुद्दीनकडे येणाऱ्या पंपांना असा वास यायचा की ते दोन दोनदा साबणानं हात धुऊन जेवायला बसत, तरी म्हणत, चव लागत नाही. फुलचंद आंघोळ करून यायचा. तरी त्याच्या अंगाला तो वास राहायचाच. त्या दिवसांत सगळ्या गल्लीलाच तो वास होता. कुणी त्याचं नाव काढत नसे.

मालिकेत तेव्हा विषाचा प्रसंग सुरू होता. गुलरुखचा चुलता, जो वजीर होता, त्यानं तिच्या सरबताच्या प्याल्यात विष कालवलं. हिरवं विष, त्यातून वाफ निघायची. प्याला तिच्या हातात द्यायलाच त्यांनी तीन-चार भाग घालवले. मग ती प्याला उचलायची, ओठांपर्यंत न्यायची, चेहरा तीनदा दिसायचा, वीज कडाडायची आणि त्या दिवसाचा भाग संपायचा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दरवाजा ठोठावायचं आणि ती प्याला खाली ठेवायची. आमचा जीव टांगणीला लागायचा. फुलचंद म्हणायचा, “आमच्या डब्यावर लाल तिकोन असते, वजिराच्या बाटलीवर काहीच नाही. पोरीले समजन तरी कसं?” आणि पुढे म्हणायचा, “आमी रोज नाकानं पितो. तिले एका घोटानं काय होते?”

आम्ही हसायचो.

त्या दिवशी गुलरुख नक्की पिणार, असं आदल्या दिवशीच दाखवलं होतं. मालिका सुरू व्हायला आली तरी फुलचंदचा पत्ता नव्हता. जमनीनं घरी बादलीत पाणी काढून ठेवलं होतं. नगारे वाजले आणि तो आला, वावरातून थेट, फवारणीच्या ओल्या कपड्यांवर. जमनी त्याला रागावली. घरी पाणी ठेवलं आहे, आधी अंग धुऊन ये, म्हणाली.

“धुतो ना. पयले राणीचं इख पाहू दे.”

तो चौकटीपाशी बसला. वास आला तशी शगुफ्ता थोडी सरकून बसली. मीही खिडकी उघडली. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. पण दिवस उकाड्याचे होते आणि पाठीवर पंप घेऊन दिवसभर फिरलेल्या माणसाला घाम येणारच. मी पंखा त्याच्याकडे वळवला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “चाची, आज राणीच्या महालात धूर लय सोडला.”

शगुफ्ता हसायला लागली. जमनी म्हणाली, झालं याचं सुरू. तो पुन्हा म्हणाला, “खरंच सांगतो. काई दिसू नाई राह्यलं.” आम्ही जास्तच हसलो. तो खोकला, तेव्हाही आम्हाला त्याचा नेहमीचा खोटा खोकलाच वाटला.

मग शगुफ्तानं मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी तिकडे खुणावलं. फुलचंदच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गालावरून, मिशीवरून, नुसती धार. तो पुसायचा आणि ती पुन्हा लागायची. जमनीनं पाहिलं आणि तिनं आनंदानं टाळी वाजवली. “रडला, चाची. माया नवरा रडला.” तिनं निजामुद्दीनला हाक मारून बोलावलं. तेही हातात पाना घेऊन दारात आले आणि हसले. म्हणाले, “काय रे फुलचंद, बाईनं हरवलं ना तुले शेवटी?”

फुलचंदनं नाही म्हणून मान हलवली. बोलायला तोंड उघडलं तर लाळ खाली आली. ती त्यानं बाहीनं पुसली. मला वाटलं, रडता माणूस आहे. पडद्यावर तेव्हा गुलरुख आपल्या म्हाताऱ्या दाईचा निरोप घेत होती, असंच आम्हा तिघींच्या डोक्यात पुढे कितीतरी दिवस बसलं होतं. तो निरोप पाहून दगडालाही रडू आलं असतं.

जाहिराती लागल्या तसा तो उठला. दाराकडे जायचं सोडून भिंतीकडे गेला, हातानं चाचपत, आणि पाण्याच्या माठावर आदळला. माठ फुटला. खाली पडल्यावर त्याचे पाय कापडाच्या चिंध्या हलाव्यात तसे आपोआप थरथरत होते. निजामुद्दीननं त्याच्या पापण्या वर केल्या आणि मला जवळ बोलावलं. मी वाकून पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

आम्ही त्याचे कपडे काढून अंग धुतलं. निजामुद्दीन ऑटो घेऊन आले. आर्णीतून पुढे गाडी करून यवतमाळला नेलं. जमनी सोबत गेली. मी आणि शगुफ्तानं माठाचे तुकडे वेचले. टीव्ही चालूच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात अशीच माणसं भरली होती, गावोगावची, सगळी फवारणीची. निजामुद्दीन पाहून आले. सांगत होते की विषावरच्या औषधानं माणूस बरळायला लागतो, हात झाडतो, सुया उपटतो, म्हणून पट्ट्यांनी हात खाटेला बांधून ठेवले आहेत. ओळीनं. फुलचंदला जमनीचा आवाज ओळखू येई, चेहरा नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी जमनीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. म्हणाली, “चाची, हा एकच धरून बसला. राणी पेली काय, राणी पेली काय. मी काय सांगू? मले काय मालूम? तुम्ही पाह्यता ना, तुम्हीच सांगा याले.”

मी त्या संध्याकाळीही पाहिलं होतं. मधल्या खोलीत एकटीच बसून पाहिलं. शगुफ्ता आतून बाहेर आली नाही. त्या दिवशीही प्याला ओठांशी आला होता आणि वीज कडाडून भाग संपला होता.

जमनीनं फोन त्याच्या कानाला लावला. श्वासाची घरघर ऐकू येत होती. मी म्हटलं, फुलचंद, बाबा, मी चाची.

“पेली काय?”

“नाई पेली. प्याला फेकून देल्ला तिनं. जमिनीवर.”

 मग तो म्हणाला, “हुशार हाय,” आणि थोडं हसल्यासारखा आवाज आला. की तो कफाचा होता, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुलचंद गेला.

मालिकेत पुढे त्या विषाचं काय झालं तेही सांगते. प्याला दाईनं प्यायला. राणीच्या हातातून हिसकावून, एका घोटात. मरायला तिनं पूर्ण एक भाग घेतला, सगळ्यांना सगळं सांगून, मांडीवर डोकं ठेवून. मी तो भाग अर्ध्यात बंद केला. फुलचंदला मी जे सांगितलं तेच बरं होतं.

जमनी महिनाभर तांड्यावर आईकडे होती. परत आली ती वेचणीच्या दिवसांत. अळीनं खाल्लेला कवडी कापूस, पिवळा, वजनाला हलका. तोही वेचायला मजूर लागतातच. ती रोज जायची, संध्याकाळी घरी यायची, आमच्या दारावरून जायची. आत येत नसे. मी हाक मारली तर रस्त्यावरूनच बोलायची. निजामुद्दीननं पंपांचं काम बंद केलं होतं. पुढच्या खोलीत आता सायकली होत्या.

थंडी पडल्यावर एका रविवारी ती आपणहून आली. मालिका तेव्हा संपली होती आणि दुपारी तिचे जुने भाग पुन्हा दाखवत होते. कामावर कुणीतरी तिला सांगितलं होतं की आज विषाचे भाग आहेत.

“चाची, त्या दिवसाचा लावा,” ती म्हणाली. “मले पाहाचं हाय तो कायले रडला.”

मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. ती चौकटीपाशी बसली, फुलचंद बसायचा तिथेच. शगुफ्ता येऊन तिच्या शेजारी बसली.

नगारे वाजले. हत्तीचा पाय, चेहरा, वीज. त्या दिवशी नेमका याच वेळी फुलचंद आला होता. मग पहिलाच प्रसंग लागला. महालाची गच्ची. लख्ख दुपारचं ऊन. गुलरुख पांढऱ्या कपड्यांत कठड्याशी उभी होती आणि कबुतरांना दाणे टाकत होती. कबुतरं उडायची, पुन्हा उतरायची. एक दासी काहीतरी गमतीचं बोलली आणि राणी हसली. कुठेही उदबत्ती नव्हती, धूर नव्हता, वाजंत्रीसुद्धा आनंदाची होती. राणीनं ओंजळभर दाणे आकाशात उधळले आणि जाहिराती लागल्या.

आम्ही तिघी जाहिराती पाहत राहिलो. साबणाची, मोबाइलची. त्या संपल्या आणि मग म्हातारी दाई दिसली, निरोपाला उभी. तोवर तर आमचा माठ फुटला होता.

शगुफ्तानं तोंडावर ओढणी घेतली. जमनीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

“इथं धूर कुठं हाय, चाची?” ती म्हणाली. “रडासारखं तं काहीच नाई.”

मी टीव्ही बंद केला.  ती उठली, माठ होता तिथे आता प्लास्टिकचा ड्रम होता, त्यातलं ग्लासभर पाणी प्याली, ग्लास धुऊन पालथा ठेवला आणि गेली.